एक गाडी, एक माणूस आणि चार फुटांची फळी

१९९८ साली महाराष्ट्रात दोन नव्या गोष्टी झाल्या. १ एप्रिलला पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय लोकांसाठी उघडलं, आणि १ जुलैला अकोल्यातून वेगळा होऊन वाशिम जिल्हा झाला. दोहोंचा एकमेकांशी काडीचाही संबंध नव्हता. तो पुढे जुळला. वाशिमची पोरं पुण्याला शिकायला गेली, मग नोकरीला लागली आणि कोथरूडकडे खोल्या घेऊन राहू लागली तेव्हा. वडील एकदा खोली पाहायला येतात. दगडूशेठ होतो, शनिवारवाडा होतो, बाकरवडीची पुडकी बांधून होतात, आणि दुपारचं काय करायचं हा प्रश्न उरतो म्हणून मुलगा त्यांना त्या संग्रहालयात घेऊन जातो.

तिथे दिवे मालवतात. मूळ वस्तूच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याइतकं अख्खं गाव उजळतं, ६५ सिग्नल आपापले रंग दाखवू लागतात, गाड्या पुलावरून, पुलाखालून, एकमेकींना वाट देत धावतात. आयुष्यभर रेल्वेशी ज्याचं नातं म्हणजे वाशिम स्टेशनवर बाकावर बसून गाडीची चौकशी करणं, असा साठीचा माणूस बाहेर आल्यावर चपला घालता घालता म्हणतो, "असं काही आपल्या माडीवर करता येईल."

इथून घरच्यांच्या त्रासाला सुरुवात होते.

भाऊ जोशींनी तो सगळा पसारा एका उन्हाळ्यात उभा केलेला नव्हता. संग्रहालय उघडण्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून ते रूळ जोडत होते, प्रदर्शनं भरवत होते. नवशिक्या मात्र पुस्तक शेवटच्या पानापासून वाचायला घेतो. त्याला पहिल्याच दिवशी दोन बोगदे, तीन पूल, एक धबधबा आणि पाच गाड्या हव्या असतात. गाड्या पाच आणि हात दोन, हा हिशेब त्याच्या लक्षात यायला प्लायवूडचे पैसे जावे लागतात.

प्लायवूडचं आणि नवशिक्याचं नातं जगभर सारखंच आहे. अमेरिकेत काय आणि रिसोडात काय, दुकानात प्लायचा पत्रा मिळतो तो आठ फूट बाय चार फूट. तो तसाच मिळतो म्हणून रेल्वेही तेवढ्याच मापाची होते. यापलीकडे त्या मापाला काही तत्त्वज्ञान नाही. बारा मिलिमीटर जाडीचा असा पत्रा वीसेक किलोंचा भरतो आणि जिन्याच्या वळणावर अडकतो. वर नेऊन खोलीच्या मधोमध मांडला की कळतं, माणसाचा हात कसाबसा अडीच फूट पोचतो. म्हणजे पत्रा भिंतीला लावता येत नाही, कारण पलीकडच्या कोपऱ्यात घसरलेला डबा उचलायला कुणाला तरी पत्र्यावर पालथं पडावं लागतं. चारही बाजूंनी फिरायला वाट सोडली की आठ बाय चारच्या रेल्वेला बारा बाय आठची खोली लागते. एवढी रिकामी खोली ज्या घरात असते, त्या घरात ती मुलाच्या लग्नासाठी राखलेली असते.

त्यातून वऱ्हाडातल्या घराचं स्वतःचं एक वेळापत्रक आहे आणि ते रेल्वेच्या वेळापत्रकाहून जास्त काटेकोर पाळलं जातं. मार्च-एप्रिलात कुरड्या, पापड, सरगुंडे वाळायला सपाट जागा हवी असते. आठ बाय चारचा स्वच्छ पत्रा माडीवर पडलेला पाहून तो गच्चीवर न नेण्याइतकी अडाणी गृहिणी या जिल्ह्यात अजून जन्मायची आहे. भाद्रपदात महालक्ष्म्या येतात. त्यांना मखर लागतं, मखराला खोली लागते आणि त्या तीन दिवसांत घरात महालक्ष्म्यांच्या परवानगीशिवाय काहीही धावत नाही. "हे फळकूट सणाच्या आत हलवा बरं," ही सूचना श्रावणातच मिळते. तेव्हा पहिला निकष ठरला: रेल्वे अशी हवी की एका माणसाला, कुणाला हाक न मारता, काखोटीला मारून उचलता येईल.

दुसरा निकष दुकानदार कधीच सांगत नाही. तो खोक्यातला संच देतो. त्यात एक इंजिन, तीन डबे आणि गोल जोडायचे रूळ असतात. गोल रूळ जोडले, तारा लावल्या, बटण फिरवलं, गाडी निघाली. घरातली सगळी मंडळी गोळा होतात. गाडी एक फेरा मारते. दुसरा मारते. तिसऱ्या फेऱ्याला सून चहा ठेवायला जाते, पाचव्याला नातू मोबाइल काढतो, आणि दहाव्या फेऱ्याला खुद्द मालक बटण आणखी फिरवून वेग वाढवतो, कारण करण्यासारखं दुसरं काही उरलेलं नसतं. ती चिमुकली गाडी सेकंदाला एक मीटर पळू लागली की सत्त्याऐंशीच्या हिशेबाने तिचा वेग ताशी ३१३ किलोमीटर होतो. वंदे भारतला लाजवणारी ही मालगाडी वळणावर रूळ सोडते, टेबलावरून खाली जाते आणि घरातला पहिला रेल्वे अपघात नोंदला जातो. चौकशी समिती नेमावी लागत नाही, चालक जागेवरच असतो.

गोल रुळांचा दोष असा नाही की तो चुकीचा आहे. गाडी नुसती धावताना पाहण्यात आनंद असणाऱ्यांसाठी तो उत्तमच. पण एकट्याने रेल्वे *चालवायची* असेल तर गोल रुळावर माणसाला कामच नाही. आणि दुसऱ्या टोकाला गेलं तर इतकं काम होतं की एकट्याला ते झेपत नाही. कॅलिफोर्नियात माँटेरे इथे जॉन ॲलन नावाच्या छायाचित्रकाराने घराच्या तळघरात डोंगर, दऱ्या आणि जमिनीपासून छतापर्यंतचे कडे उभारून एक रेल्वे केली होती. या छंदातल्या लोकांच्या लेखी ती पंढरी. पण ती वेळापत्रकाप्रमाणे चालवायची म्हणजे मित्रांचा ताफा जमवावा लागे. कुणी चालक, कुणी यार्डमास्तर, कुणी नियंत्रक. जानेवारी १९७३ मध्ये ॲलन वारले आणि त्यानंतर काही दिवसांतच आग लागून ती रेल्वेही संपली. वाशिममध्ये संध्याकाळी मित्रांचा ताफा जमवणं अवघड नाही. पण तो जमला की गाडी चालत नाही, सोयाबीनचा भाव चालतो.

मग एकट्याने काय करावं? याचं उत्तर भारतीय रेल्वेने लिहूनच ठेवलं आहे. रेल्वेच्या सामान्य नियमांत गाड्या चालवण्याच्या सहा पद्धती दिल्या आहेत. त्यांतली अगदी शेवटची, सर्वांत साधी पद्धत आहे ‘वन ट्रेन ओन्ली’: त्या टापूवर एका वेळी एकच गाडी. समोरून दुसरी येण्याचा प्रश्नच नाही, कारण दुसरी नाहीच. नवशिक्याच्या स्वभावाशी, खिशाशी आणि बायकोने दिलेल्या जागेशी इतका जुळणारा सरकारी नियम दुसरा सापडणार नाही.

आणि या तत्त्वावर जगलेली रेल्वे पाहायला पुण्याला जायची गरजही नाही. ती याच जिल्ह्यातून, कारंज्यावरून जात होती. मूर्तिजापूरहून एक फाटा अचलपूरला, दुसरा कारंजा आणि दारव्ह्यावरून यवतमाळला. दोन्ही मिळून सुमारे १९० किलोमीटर, त्यातला यवतमाळचा फाटा ११३ किलोमीटरचा. लोकांनी तिला शकुंतला म्हटलं आणि तेच नाव टिकलं. वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या बंदराकडे न्यायला किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीने १९१० साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली आणि ही अडीच फुटी रुळांची गाडी सुरू झाली. १९२१ साली मँचेस्टरमध्ये बांधलेलं तिचं वाफेचं इंजिन १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत राबलं, मग डिझेल इंजिन आलं. देशातल्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं त्यात ही बाई तेवढी सुटली. गाडी सरकारची, रूळ कंपनीचे, असा संसार पुढे कितीतरी वर्षं चालला.

तिच्या कारभाराबद्दल वर्तमानपत्रांनी पुन्हा पुन्हा लिहिलं आहे: सगळी गाडी मिळून सात माणसं सांभाळायची. स्टेशनांवर मास्तर नाहीत, म्हणून तिकिटं गार्डच फाडायचा. इंजिन सोडायचं, जोडायचं, सिग्नल द्यायचा, ही कामंही त्याच माणसांनी उरकायची. आता मॉडेलवाल्याने स्वतःकडे पाहावं. तो चालक आहे, गार्ड आहे, सांधेवाला आहे आणि घसरलेला डबा उचलणारी क्रेनही तोच आहे. मोठ्या रेल्वेत या सगळ्याला कर्मचाऱ्यांची टंचाई म्हणतात. शकुंतलेची नक्कल करणाऱ्याच्या बाबतीत मात्र ती अस्सल ऐतिहासिक अचूकता ठरते.

अर्थात वाशिमकराचा पहिला हट्ट असतो वाशिम स्टेशनचाच. साहजिक आहे. पूर्णा-अकोला मार्ग आधी मीटरगेज होता, २००८ च्या सुमारास ब्रॉडगेज झाला, आणि ज्या जिल्ह्यात ‘जऊळका रेल्वे’ हे गावाचं नाव म्हणून सातबाऱ्यावर चालतं तिथे रेल्वेबद्दल जिव्हाळा असणारच. पण इथे भावना बाजूला ठेवून फूटपट्टी घ्यावी लागते. बावीस डब्यांची एक्सप्रेस म्हणजे जवळपास पाचशे मीटर. सत्त्याऐंशीने भागलं तरी साडेपाच मीटरहून जास्त, म्हणजे अठरा-एकोणीस फूट. इंजिन देवघरात आणि शेवटचा डबा अंगणात. वळणाचंही तेच. भारतीय ब्रॉडगेजला १७५ मीटर त्रिज्येपेक्षा तीव्र वळण चालत नाही. त्याचं लहान रूप दोन मीटर त्रिज्येचं होतं. पूर्ण गोल घ्यायचा तर तेरा फुटांचा. आणि वर, बाजारात सर्वत्र मिळणारा साडेसोळा मिलिमीटरचा ‘एचओ’ रूळ आपल्या ब्रॉडगेजचा नाहीच. तो युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर रुळाचं रूप. आपल्या १६७६ ला सव्वाएकोणीस मिलिमीटर लागतात आणि तसा रूळ दुकानात मागितला तर दुकानदार आधी गिऱ्हाइकाकडे आणि मग घड्याळाकडे पाहतो.

आता शकुंतलेला हेच गणित लावू. तिचा रूळ ७६२ मिलिमीटर. भागिले सत्त्याऐंशी, ८.७६. बाजारात ‘एन’ नावाच्या छोट्या मापाचा रूळ मिळतो, तो बरोबर नऊ मिलिमीटरचा असतो. पाव मिलिमीटरचा फरक. एवढा तर खऱ्या शकुंतलेच्या रुळातही एका फर्लांगात पडत असेल. त्या रुळावर सत्त्याऐंशीव्या हिश्श्याच्या गाड्या चालवायच्या या मापाला युरोपात ‘एचओई’ म्हणतात आणि तिथल्या डोंगरी छोट्या गाड्यांसाठी ते रूढ आहे. वळणाचं पाहा: नॅरोगेजला आपल्या रेल्वेत ४४ मीटर त्रिज्येपर्यंत मुभा. लहान करून अर्धा मीटर, म्हणजे पुढेमागे कुणाला गोल फिरवायचीच हौस आली तर तोही चार फुटी पत्र्यात बसतो. ब्रॉडगेज जिथे तेरा फूट मागते तिथे ही साडेतीनांत मावते. गाडीची लांबी म्हणाल तर चार-पाच डबे. किलिक निक्सनने शंभर वर्षांपूर्वी वऱ्हाडातल्या माडीचं माप घेऊनच ही रेल्वे बांधली की काय, अशी शंका यावी.

एन रुळाचे स्लीपर मात्र फार जवळजवळ असतात. खऱ्या नॅरोगेजचे तसे दिसत नाहीत. शौकीन लोक यावर परिषदा भरवतात. कारंज्याच्या माणसाने शेतातली काळी माती चहाच्या गाळणीने गाळावी, पातळ केलेल्या फेव्हिकॉलवर पसरावी आणि स्लीपर दिसूच देऊ नयेत. शकुंतलेचा मार्ग ज्यांनी पाहिला आहे ते आक्षेप घेणार नाहीत. तिथे गवत आणि मातीतून रूळ शोधावा लागायचा. चहाची गाळणी मात्र नवी विकत घ्यावी. या वाक्यामागे बऱ्याच संसारांचा अनुभव आहे.

ब्रॉडगेज नको, गोल नको, मग गाडीने करायचं काय? इथे इंग्लंडच्या ॲलन राइट यांची मदत घ्यावी. त्यांनी ‘इंगलनूक’ नावाची एक मांडणी केली, जिच्यात दोन सांधे आणि तीन सायडिंग एवढाच ऐवज आहे. एका सायडिंगात पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंत तीन-तीन, आणि इंजिनाला मागेपुढे करायला जो तुकडा असतो त्यात इंजिन आणि तीन वाघिणी. वाघिणी एकूण आठ. आठ चिठ्ठ्या करून डब्यात टाकायच्या, त्यांतल्या पाच काढायच्या, आणि ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने त्या पाच वाघिणींची गाडी लांब सायडिंगात उभी करायची. ऐकायला सोपं वाटतं. तीन नंबरची वाघीण हमखास सर्वांत आत, भिंतीला टेकून उभी असते, आणि तिच्यापुढच्या दोघींना बाहेर ठेवायला जागा नसते, कारण जागा आहे ती तीनचीच. या खेळात ६,७२० वेगवेगळे क्रम निघू शकतात. रोज संध्याकाळी एक डाव मांडला तरी अठरा वर्षं पुरतील. निवृत्तिवेतनावर चालणारा इतका लांब पल्ल्याचा कार्यक्रम दुसरा नाही, आणि जोडीदार लागत नाही, हरलं तरी कुणाला कळत नाही.

नॅरोगेजच्या मापात ही सगळी मांडणी एक मीटरच्या आतबाहेर बसते. चार फूट लांब, एक फूट रुंद फळी. सुताराकडे आठ बाय चारचा पत्रा नेला तर अशा आठ फळ्या निघतील. एक रेल्वेला, उरलेल्या सात स्वयंपाकघरात मांडणीला दिल्या तर परवानगीचा प्रश्न सुटतो. महालक्ष्म्या आल्या की कारंजा स्टेशन कपाटावर उभं करून ठेवायचं.

विजेचंही फार काही नाही. दुकानदार डिजिटल पद्धत गळ्यात मारायला पाहील, जिच्यात प्रत्येक इंजिनाला स्वतंत्र हुकूम देता येतो. ज्याच्याकडे इंजिनच एक आहे त्याने हुकूम वाटायचे कुणाला? बारा व्होल्टचा साधा नियंत्रक आणि दोन तारा पुरतात. सांधे बदलायला मोटारी लावू नयेत. सायकलचा स्पोक फळीखालून बाहेर काढला की ओढला-ढकलला आणि झालं. वाघिणी सोडवायला बांबूची काडी. ही हाताची कामं काढून टाकली तर माणसाला उरतं काय? बटण दाबायला तर टीव्हीचा रिमोट आहेच. वेगही आवरता हवा. शकुंतला ताशी वीस किलोमीटरच्या आसपास चालायची. म्हणजे फळीवर सेकंदाला सहा-साडेसहा सेंटिमीटर. चार फूट जायला वीस सेकंद. पहिल्या दिवशी हे असह्य वाटतं, पण दिवाळी येईपर्यंत माणूस सुधारतो.

हवामानाचा मात्र विचार करावाच लागतो. पौषातल्या रात्री आणि वैशाखातल्या दुपारी वाशिमच्या माडीवर तीसेक अंशांचा फरक सहज पडतो. त्याने चार फुटांचा रूळ अर्धा-पाऊण मिलिमीटर लांबतो, म्हणून सांध्यांत बारीक फट सोडावी, नाहीतर मे महिन्यात कारंजा यार्डात रूळ धनुष्य होऊन बसतात. धूळ रोज पुसावी, कारण चाकाला वीज रुळातूनच मिळते. आणि मालधक्क्यावर कापसाच्या गाठी दाखवायच्या मोहात खरा कापूस वापरू नये. वऱ्हाडातल्या माणसाला हे सांगणं म्हणजे धाडस आहे, पण त्याचा धागा इंजिनाच्या दातेरी चाकात गेला की ते इंजिन उघडून चिमट्याने सरकी वेचल्याप्रमाणे तंतू वेचत बसावं लागतं. गाठी कागदाच्या कराव्यात, वर जुन्या पोत्याचा रंग द्यावा. डिझेल इंजिनाचा सांगाडा एन मापाच्या तयार चाकांवर पुठ्ठ्याचा करावा लागतो. शकुंतला खोक्यात मिळत नाही.

परीक्षक मात्र फुकट मिळतात. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक कारंजेकराला ती गाडी आठवते, आणि गुरुमंदिराच्या दर्शनाला आलेला पाहुणाही दोन गोष्टी सांगून जातो. "पाण्याची टाकी या बाजूनं नव्हती बाप्पा, त्या बाजूनं होती," एक आजोबा म्हणतात. दुसरे आजोबा तिसरीच बाजू दाखवतात. दोघांत जुंपली की मालकाने टाकी तिथेच ठेवावी आणि एकट्याने पुढचा डाव मांडावा. आता ती गाडी बंद असल्याने तपासून पाहण्याची सोय कुणाकडेच नाही.

राहिला प्रश्न, गाडी कारंज्याहून निघाल्यावर जाते कुठे. खरं तर मूर्तिजापूर ते यवतमाळ सत्त्याऐंशीच्या मापाने करायचं तर तेराशे मीटर रूळ लागेल; कुणी मनावर घेतलंच तर तो घराबाहेर पडून बाजारपेठ ओलांडेल. म्हणून शहाणी माणसं मूर्तिजापूर चपलांच्या रिकाम्या खोक्यात करतात. खोक्याच्या तळाला रुळाचा तुकडा चिकटवायचा, फळीच्या डाव्या टोकाला लावायचा, गाडी आत घ्यायची, खोकं उचलून उलटं फिरवायचं, की गाडी मूर्तिजापूरहून परत यायला तयार. यवतमाळ उजव्या टोकाला, दुसऱ्या एका सुट्या फळीवर, आणि माडी लहान असली तर ती फळी शेजारच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर टेकवावी लागते. तिकडून "दार लावा, फोडणीचा ठसका येऊन राहिला तुमच्या खोलीत" असा आवाज आला की फळी काढून घ्यायची, पाटीवर खडूने ‘यवतमाळकडे जाणारी गाडी आज रद्द’ असं लिहायचं, आणि तिकिटाचे पैसे परत करायला गार्ड म्हणून स्वतःच उभं राहायचं.